खापरपणजोबांच्या वरची रिकामी जागा

बडोद्याच्या एका वाचक भगिनींचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, नावं बदलली आहेत.

"माझं वय अठ्ठावन्न. जन्म रावपुऱ्यातला, सासरही बडोद्यातच. पुढच्या वर्षी वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशी घराण्याची वंशावळ छापून सगळ्यांना द्यावी, ही अमेरिकेतल्या भाच्याची कल्पना. काम माझ्याकडे आलं, कारण मी निवृत्त आणि जवळ राहणारी. आजोबा, पणजोबा महादेवराव, खापरपणजोबा विठ्ठलराव एवढी नावं वडिलांनी झटकन सांगितली. विठ्ठलराव सयाजीराव महाराजांबरोबर बडोद्याला आले, असं घरात सगळेच सांगतात. पण विठ्ठलरावांच्या वडिलांचं नाव कुणालाच ठाऊक नाही. घरात एक मोडी गहाणखत आहे, देवघरात टाक आहेत, माळ्यावर जुनी तांब्या-पितळेची भांडी आहेत. आमच्या आडनावाचा कुलवृत्तांत छापलेला आहे, पण त्यात आम्ही नाही. एका शाखेत एक विठ्ठल सापडतो, त्याच्यापुढे 'पुढील माहिती नाही' असं लिहिलंय. चुलतभाऊ म्हणतो, 'तोच आपला. जोडून टाक, कोण विचारायला येतंय?' काका म्हणतात, 'खणू नकोस. काही कारण असल्याशिवाय नाव लपवलं जात नाही. दत्तक-बित्तक काही निघालं तर दादाला या वयात काय वाटेल?' मी काय करू? जोडून टाकू, की विठ्ठलरावांवरच थांबू?"

ताई,

जोडू नका. पण थांबूही नका. तुम्हाला हवं असलेलं नाव तुमच्या घरात बोललं गेलेलं आहे, आणि ते बोलणारा माणूस बहुधा आजही तुमच्या घरातच आहे. ते कसं, ते पुढे सांगते. आधी चुलतभावाचं बघू.

आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे. एका माणसाला चार मुलगे असले की चौघांच्याही घरी आजोबांच्या नावाचा एकेक मुलगा. म्हणजे एकाच आडनावाचे, एकाच गावचे, जवळपास एकाच वयाचे चार विठ्ठल, आणि चौघांचे आजोबाही तेच. शिवाय नावं एक पिढी सोडून परत येतात, त्यामुळे आजा आणि नातू एकच माणूस समजून मधल्या दोन पिढ्या गिळल्या गेल्याची उदाहरणं मी छापील वंशावळींतही पाहिली आहेत. तेव्हा नाव जुळलं, काळ जुळला, एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. आणि छापलेल्या कागदाला लोक पुरावा मानतात. तुमच्या पणतीच्या हातात ती पुस्तिका पडेल, तेव्हा ही जोडणी घाईघाईने केली होती हे तिला सांगायला कुणी नसेल.

ह्याच रितीचा तुम्हाला उपयोगही आहे. विठ्ठलरावांच्या पहिल्या मुलाचं नाव काय होतं? महादेवराव थोरले की धाकटे? लहानपणी गेलेला एखादा थोरला भाऊ होता का? पहिल्या मुलाचं नाव बहुतेक वेळा आजोबांचं असतं. महादेवराव थोरले असतील तर विठ्ठलरावांचे वडीलही महादेव असण्याची शक्यता बरीच आहे. हे नाव पेन्सिलीने लिहा, शाईने नाही.

कुलवृत्तांतात आपण नाही म्हणजे आपण त्या कुळातले नाही, असंही समजू नका. कुलवृत्तांत कसे झाले ते लक्षात घ्या. दोन-चार उत्साही माणसांनी पत्रं पाठवली, छापील तक्ते वाटले, गावोगाव फिरून माहिती गोळा केली. ज्या घरांनी उत्तर दिलं ती आत आली. जी घरं मूळ मुलूख सोडून बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावरला गेली, त्यांच्यापर्यंत पुष्कळदा पत्रच पोचलं नाही. आणि 'पुढील माहिती नाही' याचा अर्थ तो मुलगा दूर गेला असाही होतो, दुसऱ्या घरी दत्तक गेला असाही होतो, आणि पाचव्या वर्षी देवीने गेला असाही होतो.

आता काकांबद्दल. त्यांची भीती मी हलकी मानत नाही. भावाला या वयात त्रास होऊ नये, ही त्यामागची माया आहे. पण 'लपवलं' हे त्यांनी गृहीत धरलंय, आणि तिथेच मला त्यांना हळूच थांबवावंसं वाटतं. तुमच्या वडिलांनी झटकन सांगितलेली नावं पुन्हा बघा: त्यांचे वडील, त्यांचे आजोबा, त्यांचे पणजोबा. नेमकी तीन. श्राद्धाच्या संकल्पात जी तीन नावं घ्यायची असतात, तीच ही. पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप, प्रपितामह आदित्यरूप. त्याच्या वरच्या तीन पिढ्यांना शास्त्र लेपभाज म्हणतं. पिंड देताना हाताला जे लागून राहतं त्याचे ते वाटेकरी, त्यांच्या नावाने वेगळा पिंड नाही. म्हणजे चौथं नाव जिभेवरून उतरायचं हे आपल्या परंपरेतच ठरलेलं आहे. तुमची वंशावळ जिथे तुटते, तिथेच तुमच्या घरचा संकल्प संपतो. कुणी काही लपवलेलं असायची गरजच नाही.

आता एक पिढी मागे चला. तुमचे आजोबा हयात असताना श्राद्धाला कोणती नावं घेत होते? त्यांचे वडील महादेवराव, आजोबा विठ्ठलराव आणि तिसरं, आदित्यरूप, विठ्ठलरावांच्या वडिलांचं. तुम्ही शोधताय ते नाव वर्षातून निदान दोनदा, वार्षिक श्राद्धाला आणि पितृपक्षात, तुमच्या स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत मोठ्याने म्हटलं जात होतं. तुमचे वडील तेव्हा शाळकरी असतील, तरणे असतील, पानं वाढायची वाट पाहत असतील. आत वडे तळणाऱ्या बायकांच्याही कानावर ते पडत होतं.

इतकंच नाही. आजोबा गेले तेव्हा बाराव्या दिवशी सपिंडीकरण झालं असेल. त्यात गेलेल्या माणसाचा पिंड त्याच्या वडील, आजोबा, पणजोबांच्या पिंडांत मिसळतात. आजोबांचे पणजोबा... नाही, मी घाई करते, नीट मोजूया: आजोबांचे वडील महादेवराव, आजोबांचे आजोबा विठ्ठलराव, आणि आजोबांचे पणजोबा म्हणजे विठ्ठलरावांचे वडील. तो विधी तुमच्या वडिलांनी केला असेल, तर ते नाव त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या तोंडाने घेतलं आहे. गुरुजींनी सांगितलं आणि त्यांनी मागून म्हटलं. त्या दिवसानंतर मात्र ते नाव तुमच्या घरात परत कुणी घेतलं नसेल.

म्हणून वडिलांना 'विठ्ठलरावांच्या वडिलांचं नाव काय?' असं विचारू नका. तो प्रश्न भाच्याच्या तक्त्यातला आहे, त्यांच्या आठवणीत त्याला जागा नाही. त्यांना शांत वेळी, शक्यतो सकाळी, विचारा की तुमचे वडील श्राद्धाला बसले की काय म्हणायचे. संकल्प म्हणून दाखवायला सांगा. पाठ केलेली गोष्ट लयीत आठवते, तुकड्यांत आठवत नाही. 'आदित्यरूप' हा शब्द आला की त्याच्या आधीचं नाव कदाचित आपोआप ओठावर येईल. पहिल्या दिवशी नाही आलं तर आठवडाभराने पुन्हा बसा. फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा, आणि नाव तुमच्याकडून सुचवू नका. 'महादेव होतं का हो?' असं विचारलंत तर ते 'हो, तेच' म्हणतील आणि तुम्हाला कायमचा संशय राहील. आत्या असतील तर त्यांनाही वेगळं विचारा, वडिलांच्या समोर नको. आणि तेव्हाचे गुरुजी कोण होते, त्यांच्या घरी आज कोण आहे, हेही काढा. पुष्कळ गुरुजी यजमानांची नावं आणि तिथ्या वहीत टिपून ठेवतात. जुन्या पोथ्यांच्या गाठोड्यात पणजोबांच्या हातचा तर्पणाचा कागद निघाला तर सोनंच, कारण त्यांच्या यादीत तर विठ्ठलरावांच्या आजोबांचंही नाव असेल.

दत्तकाचं म्हणाल, तर काकांना एक आठवण करून द्या. कवळाण्याच्या काशिराव गायकवाडांचा मुलगा गोपाळराव. बडोद्याचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंनी त्याला २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव झाला. ज्या महाराजांबरोबर आलो म्हणून तुमचं घर अभिमानाने सांगतं, ते स्वतः दत्तक होते. दत्तकाने घराण्याला कमीपणा येतो असं बडोद्याच्या माणसाने तरी म्हणू नये. विठ्ठलराव दत्तक निघाले तर तुम्हाला एकाऐवजी दोन वडील शोधायचे आहेत एवढंच, आणि दत्तक बहुधा भाऊबंदांतूनच घेत, त्यामुळे दोघे पुष्कळदा एकाच कुळाचे असतात. आणखी काही नाजूक निघालं, तर ते छापायचं की नाही हा निर्णय वडिलांचा. ते काय म्हणतील हे त्यांच्या वतीने काकांनी किंवा तुम्ही आधीच ठरवू नये.

'महाराजांबरोबर आले' ह्या वाक्याकडेही जरा संशयाने पाहा. बारा वर्षांच्या मुलाबरोबर कवळाण्याहून आलेली मंडळी थोडी होती. त्यानंतर मात्र सर टी. माधवराव दिवाण असताना आणि महाराजांनी १८८१ च्या डिसेंबरात कारभार हाती घेतल्यावर मुंबई इलाख्यातून कारकून, शिक्षक, वकील, इंजिनिअर, वैद्य असे पुष्कळ लोक बडोद्याला आले. शाळा निघत होत्या, १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा निघाली, नोकऱ्या होत्या. त्या सगळ्यांच्या नातवंडांनी पुढे 'महाराजांच्या वेळी आले' याचं 'महाराजांबरोबर आले' केलं. उलट काही घरं पिलाजीराव-दमाजीराव गायकवाडांच्या फौजेबरोबर शंभर-दीडशे वर्षं आधीच आलेली होती, आणि त्यांच्याही तोंडी आज सयाजीरावच आहेत, कारण आठवणीत मोठं नाव उरतं. तुम्ही १८७५ सालीच खणत बसलात आणि विठ्ठलराव १८९५ ला आले असतील, तर सगळा शोध वाया. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना इसवी सन विचारू नका, 'छप्पनियाच्या आधी की नंतर?' असं विचारा. संवत १९५६ चा तो दुष्काळ, इसवी १८९९-१९००, गुजरातेत कुणी विसरलेलं नाही. १८९१ ते १९०१ मध्ये बडोदे संस्थानाची वस्ती चोवीस लाखांवरून साडेएकोणीस लाखांवर आली. त्याच सुमाराला प्लेग, पुढे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. त्या वर्षांत मुलं मामाकडे, काकाकडे वाढली, आणि बापाच्या बापाचं नाव सांगणारं माणूसच उरलं नाही. नाव हरवण्याचं हेही एक साधं, दुःखाचं कारण आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. आपण पूर्वज शोधतो ते पुरुषामागून पुरुष, आपल्याच आडनावात. विठ्ठलराव पण एकटे नव्हते. ते कुणाचे तरी जावई होते, कुणाचे तरी सासरे होते, कुणाचे भाऊ होते. त्यांच्या बायकोचं माहेरचं आडनाव तुम्हाला माहीत आहे का? पत्रात तिचा उल्लेखच नाही, आणि हे मी तुम्हाला दोष म्हणून सांगत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक पत्रात असंच असतं. तिच्या माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघालेला असेल तर त्यात मुलींची लग्नं कुठे झाली ते दिलेलं असतं, आणि तिथे जावई म्हणून विठ्ठलराव त्यांच्या वडिलांच्या नावासकट उभे असण्याची शक्यता आहे. तुमच्या कुलवृत्तांताने तुम्हाला घेतलं नाही, तरी तिच्या कुलवृत्तांताने घेतलं असेल.

विठ्ठलरावांच्या मुलींचंही तसंच. महालयात वडिलांकडच्या तीन नावांबरोबर आईकडचीही तीन घेतात: मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह. म्हणजे त्यांच्या मुलीचा मुलगा श्राद्धाला बसला की तो विठ्ठलरावांचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग आजोबांचं नाव घेत होता. ती घरं आज वेगळ्या आडनावाची आहेत, अहमदाबादला असतील, पुण्याला असतील. आजोबांच्या आत्यांची लग्नं कुठे झाली ते काढा. बायकांची नावं लग्नात बदलली, आडनावं बदलली, म्हणून त्यांचा माग लागत नाही असं आपण म्हणतो. पण घराघरांतले हे धागे त्यांनीच जोडलेले आहेत, आणि हरवलेला पुरुष पुष्कळदा त्याच वाटेने सापडतो.

माळ्यावरची भांडी म्हणूनच आधी उतरवा. लग्नात मुलीला दिलेल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं: कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी शकही. माझ्या आजीच्या माहेरचं गाव मी दहा वर्षं शोधत होते. कागदांत कुठेच नव्हतं. ते मला एका परातीच्या काठावर सापडलं, तिच्या मामाच्या नावाशेजारी. ती परात आम्ही प्रत्येक दिवाळीला घासत होतो. तुम्ही मात्र आता चिंच-मीठ लावून घासायला काढू नका. घासून घासून आधीच अक्षरं झिजलेली असतात. कोरड्या पिठाचं बोट काठावरून, बुडावरून, कानाखालून फिरवा, खोलगट ठिपक्यांत पीठ बसतं आणि अक्षर उठतं. तिरप्या उजेडात फोटो काढा. अनोळखी आडनाव दिसलं की वहीत लिहा, ते बहुधा कुणाचं तरी माहेर असतं.

टाकांवरून कुलस्वामी आणि कुलस्वामिनी कोण ते कळेल, आणि त्यावरून मूळ प्रदेशाचा अंदाज येतो. घरात सांगतात कवळाणं, म्हणजे नाशिक जिल्ह्यातला मालेगावचा भाग, आणि कुलदेवता निघाली कोकणातली, तर वाटेत एक मुक्काम आहे जो तुम्ही अजून धरलेला नाही.

गहाणखत तुम्ही वाचून घेतलेलं दिसत नाही. ते हातातलं पाखरू आहे, त्याला आधी जपा. उलगडताना घडीवर फाटेल, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून दोन वेगवेगळ्या मोडी वाचकांना द्या, आणि दोघांनाही तुम्ही काय शोधताय ते सांगू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द एकमेकांना चिकटून येतात, लेखणी न उचलता ओळ पुढे जाते. हवं ते नाव त्यात दिसायला वेळ लागत नाही. दोघांचं वाचन जुळलं तर धरा. अशा दस्तात माणसाच्या नावामागे बापाचं नाव येतंच, कधी मधे 'बिन' घालून. बाईच्या नावापुढे 'कोम' असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. शेवटच्या साक्षी वाचायला विसरू नका. साक्षीला शेजारी असतात, भाऊबंद असतात, मेहुणे असतात. तुमच्याच आडनावाचा साक्षीदार निघाला, तर तो विठ्ठलरावांचा भाऊ किंवा चुलतभाऊ असू शकतो, आणि त्याच्या बापाचं नाव तिथेच लिहिलेलं असेल.

साल काढताना जपा. त्या काळच्या बडोद्यात शक चालत होता, विक्रम संवत चालत होता. शकात ७८ मिळवा, किंवा वर्षाअखेरचा महिना असेल तर ७९. गुजरातेतला संवत कार्तिकात सुरू होतो, म्हणून महिना पाहून ५६ किंवा ५७ वजा. आणखी जुना कागद असेल तर साल अरबी शब्दांत येतं, 'इसन्ने मयातैन व अलफ', म्हणजे दोन, दोनशे आणि हजार, १२०२. हा शुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी १८०१-०२. दोन वर्षांच्या चुकीने बाप मुलाहून धाकटा झालेला मी पाहिला आहे.

तीर्थोपाध्यायांकडे जायचं असेल तर जवळचं आधी. बडोद्याची माणसं अस्थी घेऊन चाणोदला नर्मदेवर जातात, आणि आईच्या श्राद्धाला सिद्धपूरला, बिंदुसरोवरावर. सिद्धपूर मला तुमच्यासाठी महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे नावं बायकांची घेतली जातात. मग नाशिक आणि त्र्यंबकेश्वर. तिथले क्षेत्रोपाध्ये आडनाव, गाव, ज्ञाती विचारतात आणि त्या घरची वही काढतात. यात्रेला आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव लिहिलेलं असतं. फक्त गाव चुकलं की वही चुकते, म्हणून टाकांचं आणि भांड्यांचं काम आधी करून मगच निघा. आपल्या नावाची ओळ वाचून झाली की उठू नका. वरची-खालची नोंद, बरोबर कोण कोण होतं, तिथी, सगळं वाचायला सांगा. त्यांची परवानगी घेऊन फोटो काढा, दक्षिणा मनापासून द्या. पिढ्यान्‌पिढ्या कुणी सांगितलेलं नसताना त्या लोकांनी आपली नावं सांभाळली आहेत.

दप्तरखान्याचं थोडक्यात सांगते, कारण लोक आधी तिकडेच धावतात आणि हताश होऊन परततात. गुजरात राज्य पुराभिलेखागाराचं दप्तर बडोद्यात आहे आणि जुन्या संस्थानाचे कागद त्यात आहेत. पण तिथे 'विठ्ठलराव' म्हणून काही मिळणार नाही. विठ्ठलराव कोणत्या खात्यात होते, साधारण कोणत्या वर्षांत, हे कळलं तर त्या खात्याच्या नेमणुका-बदल्यांच्या कागदांत शिरता येतं. पुण्याचं पेशवे दप्तर १८१८ च्या आधीचं. तिथे जायला अजून तुम्हाला दोन पिढ्या चढायच्या आहेत. (त्या दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढणारे रियासतकार सरदेसाई उमेदीची सगळी वर्षं बडोद्याच्याच नोकरीत होते, हे आपल्या गावात कुणाला फारसं आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.) त्यापेक्षा शाळा बघा. १९०६ पासून संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं, म्हणजे तुमच्या आजोबांच्या पिढीचं नाव कुठल्या तरी शाळेच्या दाखलवहीत असायलाच हवं. राहत्या पोळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, घराचे सिटी सर्व्हेचे कागद, वारसाच्या नोंदी हेही तसंच. जमिनीच्या आणि वारसाच्या भांडणाइतकी खरी वंशावळ दुसरीकडे मिळत नाही, कारण तिथे खोटं नाव घातलं की समोरचा भाऊबंद लगेच हरकत घेतो.

हे वाचणाऱ्या ज्या घरांत संकल्पाची ही पद्धत नाही त्यांच्यासाठी: तुमच्याकडे देवकं, म्हणजे कुळाची चिन्हं, आहेत, पूर्वजांचे टाक आहेत, वंशावळ सांगणारे भाट आहेत, आणि कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे मूळ असेल तर तसेच वंशावळ सांगणारे हेळवी. फौजेत आलेल्या घरांनी पूर्वज कोणत्या पागेत, कोणत्या सरदाराच्या हाताखाली होता ते धरावं. नावापेक्षा त्या सरदाराच्या मागे गेलं की माणूस लवकर सापडतो. मूळ गाव महाराष्ट्रात असेल, तर २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी गावोगावचे जन्म-मृत्यूचे जुने नमुने आणि शाळांच्या दाखलवह्या धुंडाळल्या गेल्या, आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या प्रती ठेवल्या आहेत. कुणबी नसलात तरी गाव माहीत असेल तर त्या चाळून बघा.

आता छपाईचं. तोपर्यंत नाव सापडलं नाही, तर विठ्ठलरावांच्या वर एक रिकामी चौकट छापा. त्यात 'विठ्ठलरावांचे वडील, नाव शोधत आहोत' एवढं लिहा. कागदाने सिद्ध झालेलं नातं सलग रेघेने दाखवा, ऐकीव तुटक रेघेने. कुलवृत्तांतातल्या त्या विठ्ठलाचं पान आणि तो आपला असू शकतो असं का वाटतं, हे तळटीपेत द्या. कुठे कुठे पाहिलं आणि काय मिळालं नाही तेही लिहा, म्हणजे तुमची पणती तीच दारं पुन्हा ठोठावणार नाही. आणि प्रत्येक पुरुषाच्या शेजारी बायकोचं माहेरचं नाव आणि आडनाव. नसेल माहीत, तर तिथेही रिकामी चौकट.

समारंभाला चुलत-मावस-आते सगळे येतील. तो तक्ता भिंतीवर मोठा करून लावा आणि खाली दोरीला पेन्सिल बांधून ठेवा. पण त्याआधी, ह्याच आठवड्यात, सकाळच्या चहानंतर वडिलांजवळ बसा. आजोबांच्या बाराव्याला कोण गुरुजी होते, तिथून सुरुवात करा.